बाटलीतले बाकीचे

2025 च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातून लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. आधी साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद, मग मूत्रपिंड निकामी. मोठे दुखणे आले की छिंदवाड्याला भोपाळपेक्षा नागपूर जवळचे, आणि सौसर-पांढुर्ण्याकडच्या मराठी माणसाला तर नागपूर म्हणजे आपलेच गाव. त्यामुळे ही मुले नागपूरच्या सरकारी मेडिकल रुग्णालयात, एम्समध्ये, खासगी बालरुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांतली बरीच इथेच गेली. गावात पाण्याचे नमुने तपासले गेले, साथीचा संशय घेतला गेला. मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासल्यावर मात्र विषबाधेकडे बोट दाखवले गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल आला: कोल्ड्रिफ या सिरपच्या एका बॅचमध्ये 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल. चालण्याजोगी मर्यादा 0.1 टक्के. म्हणजे पाच मिलीच्या एका चमच्यातून लेकराच्या पोटात जवळपास अडीच ग्रॅम विष जात होते. वीसहून अधिक मुले दगावली.

या मुलांचा जीव पॅरासिटामॉलने घेतला नाही, सर्दीवरच्या औषधांनीही घेतला नाही. औषध विरघळावे, पातळ राहावे, मुलाने गोड मानून प्यावे यासाठी जो द्रव वापरतात, त्याच्या जागी विष आले होते. बाटलीवरच्या औषधांच्या यादीत त्याचे नावही नव्हते.

औषध म्हणून आपण जे विकत घेतो, त्यात रोगाशी झुंजणारे द्रव्य बहुधा थोडे आणि बाकीचेच जास्त असते. विद्रावक, गोडी, बांधणी करणारे पिष्ट, गोळी फुटायला मदत करणारी पूड, इंजेक्शनमधले तेल, चरबीचे सूक्ष्म कण. औषधशास्त्रात यांना एक्सिपिएंट म्हणजे सहायक द्रव्ये म्हणतात, आणि औषधाला अंगाखांद्यावर घेऊन शरीरात योग्य जागी पोचवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना नॅनोवाहक. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी पूर्ण विचाराने मांडतो आहे: हे बाकीचे म्हणजे औषधाचा डबा नव्हे, तेही औषधच आहे. त्याची तपासणी, त्याची नोंद, त्याची किंमत आणि त्यावरचे संशोधन औषधाइतक्याच कसोशीने व्हायला हवे. नागपूरने पाच वर्षांच्या आत या दुर्लक्षाची किंमत दोनदा मोजली आहे. 2021 मध्ये योग्य वाहकातले औषध मिळत नव्हते म्हणून, आणि 2025 मध्ये विद्रावकच विषारी निघाला म्हणून.

घरातली सिरपची कोणतीही बाटली हातात घ्या. ‘प्रत्येक पाच मिलीमध्ये’ या शब्दांखाली दोन-तीन औषधांची नावे असतील, मिलिग्रॅमपर्यंत मोजून दिलेली. त्याखाली रंगाचे नाव. आणि शेवटी ‘फ्लेवर्ड सिरपी बेस, क्यू. एस.’ हे क्यू. एस. म्हणजे ‘लागेल तेवढे’. बाटलीतला नव्वद टक्क्यांहून जास्त माल या दोन अक्षरांत आटोपलेला असतो.

तो बेस लागतो तरी कशाला? पॅरासिटामॉलचेच पाहा. साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, ते मिलीमागे सुमारे 14 मिलिग्रॅम विरघळते. मुलांच्या अनेक पातळ औषधांत पाच मिलीमागे 125 मिलिग्रॅम द्यायचे असते, म्हणजे मिलीमागे 25. नुसत्या पाण्यात हे बसतच नाही. उरलेले तळाशी साकळेल, आणि पहिल्या चमच्यात औषध कमी तर शेवटच्या चमच्यात दुप्पट असा प्रकार होईल. म्हणून प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल यांसारखे द्रव घालावे लागतात. हे नीट शुद्ध असले तर मुलालाही सोसतात. पण डायएथिलिन ग्लायकॉल दिसायला तसेच, चवीला तसेच गोड आणि भावाने स्वस्त. उद्योगातल्या पिंपातला माल औषधाच्या पिंपात आला, किंवा आणला गेला, तर डोळ्यांना आणि जिभेला फरक कळत नाही. तो फक्त प्रयोगशाळेत कळतो. आणि तिथे कुणी पाहिले नाही तर मूत्रपिंडाला कळतो.

हे काही पहिल्यांदा घडलेले नाही. 1937 मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइड हे नवे, गुणकारी औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून एका कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. रासबेरीचा वास दिला, चव, रूप आणि गंध तपासला. विषारीपणा तपासला नाही. शंभराहून अधिक माणसे मेली, आणि दुसऱ्याच वर्षी अमेरिकेला औषध सुरक्षेचा नवा कायदा करावा लागला. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये हेच विष निघाले आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी कशी सडली आहे, हे त्या आयोगाने एकेक दुवा सोडवून दाखवले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. महाराष्ट्राच्या आरोग्यव्यवस्थेचा इतका स्पष्ट पंचनामा त्याआधी झाला नव्हता. चाळीस वर्षे होत आली तरी तो अहवाल औषधनिर्माणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे.

2022 मध्ये गांबियात भारतीय सिरपमुळे सुमारे सत्तर मुले गेल्याचा आरोप झाला. त्यानंतर सरकारने काय केले? 1 जून 2023 पासून निर्यातीच्या खोकल्याच्या सिरपला सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला सक्तीचा केला. नियम चांगलाच. पण तो बाहेर जाणाऱ्या बाटलीसाठी. परासियाच्या दुकानातल्या बाटलीला अशी सक्ती नव्हती. परदेशातल्या मुलासाठी जो दाखला लागतो, तो आपल्या मुलासाठी नको, हे कोणत्या हिशेबात बसते? मला याचे एकच उत्तर सुचते. निर्यातीत देशाची अब्रू जाते म्हणून आपण बाकीचे तपासले. घरात मात्र ‘मुख्य औषध बरोबर आहे ना’ एवढ्यावरच समाधान मानले.

आता 2021.

एप्रिलमध्ये नागपूरभर रेमडेसिविरसाठी धावाधाव चालली होती. गंजीपेठेतला दवा बाजार, धंतोली-रामदासपेठेतली रुग्णालये, जिल्हाधिकारी कार्यालय, कुठेही जा, तोच प्रश्न. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शहराला 10,000 कुप्या तातडीने द्या असा आदेश काढला होता. त्या औषधाचा खरा उपयोग किती, हा वेगळा वाद आहे आणि पुढच्या पाहण्यांनी त्याबद्दलचा उत्साह बराच खाली आणला. पण त्या कुपीत काय होते ते पाहण्यासारखे आहे. रेमडेसिविर पाण्यात विरघळत नाही म्हटले तरी चालेल. म्हणून 100 मिलिग्रॅमच्या सुक्या भुकटीच्या कुपीत 3 ग्रॅम सल्फोब्युटिल बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घातलेले असते. पिष्टापासून बनवलेले हे कड्यासारखे रेणू औषधाच्या पाण्याला नकार देणाऱ्या भागाला आपल्या पोकळीत घेतात, आणि मग ते सलाईनमधून शिरेत सोडता येते. औषधाच्या तीसपट बाकीचे. 20 एप्रिल 2021 रोजी केंद्र सरकारने रेमडेसिविर आणि त्याच्या कच्च्या मालावरचे आयातशुल्क माफ केले, त्या अधिसूचनेत या सायक्लोडेक्स्ट्रिनचेही नाव होते. सहायक द्रव्य नसेल तर औषध नसते, हे सरकारी कागदावर एकदा तरी कबूल झाले ते असे, माणसे मरत असताना. त्यातही एक मेख होती. हे सायक्लोडेक्स्ट्रिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंड आधीच थकलेल्या रुग्णात ते साठण्याची भीती असते. डॉक्टरांना त्या काळात जपावे लागले ते बरेचसे या ‘निरुपद्रवी’ मानलेल्या द्रव्यापायी.

मे उजाडला आणि म्युकरमायकोसिस आला. काळी बुरशी. डोळा, सायनस, टाळू पोखरणारी. राज्यभर तिची साथ पसरली, केंद्राने राज्यांना हा नोंदवण्याजोगा आजार जाहीर करायला सांगितले. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत वेगळे कक्ष उघडले गेले. उपाय होता अँफोटेरिसिन-बी. हे औषध काही नवे नव्हते. 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले. बुरशीच्या पेशीच्या पडद्यात ते भोक पाडते. अडचण दोन: ते पाण्यात विरघळत नाही, आणि माणसाच्या पेशींचा पडदाही बुरशीच्या पडद्याचा लांबचा नातलग असल्याने ते आपल्या मूत्रपिंडालाही सोडत नाही. जुन्या पद्धतीत ते डिऑक्सिकोलेट या पित्तक्षाराच्या मदतीने विरघळवत. असे इंजेक्शन सुरू झाले की रुग्णाला थंडी वाजून हुडहुडी भरे, ताप चढे, आणि दिवसागणिक क्रिएटिनिन वाढत जाई. दिवसाला किलोमागे एक-दीड मिलिग्रॅमच्या पुढे जायची सोय नसे.

लायपोसोममध्ये तेच औषध वेगळे वागते. सोयाबीनपासून काढून हायड्रोजन भरलेले फॉस्फोलिपिड, दुसरे एक विद्युतभारित फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल यांच्या दुहेरी पडद्याची ही पोकळ गोळी. आकार शंभर नॅनोमीटरच्या आत, म्हणजे केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी लहान. औषध या पडद्यातच घट्ट रुतून बसते. रक्तात फिरताना सुटे होत नाही, मूत्रपिंडाच्या नळ्यांत कमी सांडते, आणि बुरशीपाशी पोचल्यावर मोकळे होते. त्यामुळे दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमपर्यंत देता येते. औषधाचा रेणू तोच. बदलले ते त्याचे वाहन, आणि मूत्रपिंड वाचण्याचा संभव बदलला.

ही कुपी तयार करणाऱ्या सिस्टरला हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. 50 मिलिग्रॅमच्या कुपीत 12 मिली स्टेराइल वॉटर, मग तीस सेकंद जोरात हलवायचे, पिवळसर पारभासी पातळ झाले की पाच मायक्रॉनच्या फिल्टरमधून ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचे. चुकूनही सलाईनमध्ये नाही. मिठाच्या पाण्यात हे कण बिघडतात, साका बसतो. साठ किलोच्या माणसाला दिवसाला 300 मिलिग्रॅम म्हणजे अशा सहा कुप्या. हे रोज, आणि असे आठवडेच्या आठवडे. कुपीचा भाव त्या वेळी सात हजारांच्या घरात होता. म्हणजे दिवसाला बेचाळीस हजार, शस्त्रक्रिया आणि खाटेचा खर्च वेगळा. ज्या घराने महिनाभर आधीच कोविडपायी दागिने मोडले होते, त्या घरापुढे हा हिशेब उभा राहिला. आणि पैसे असले तरी कुप्या नव्हत्या. जिल्हा प्रशासनामार्फत मोजून वाटप सुरू झाले.

त्या मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने अँफोटेरिसिन-बीचे इमल्शन इंजेक्शन बनवल्याची बातमी आली. नितीन गडकरींच्या पुढाकाराने परवानगी लवकर मिळाली होती. बाजारातला भाव 7,000, इथला 1,200. नागपूरपासून पाऊण-शंभर किलोमीटरवर असे काही उभे राहते याचा आनंद मला तेव्हाही झाला आणि आजही आहे. संकटात हात चालवणाऱ्यांचे मोल कमी लेखू नये. पण त्या बातमीत एक गोष्ट जवळपास कुणीच विचारली नाही. सात हजारांची कुपी लायपोसोमची आणि बाराशेची कुपी इमल्शनची असेल, तर या दोन्हींची सरळ तुलना होते का? इमल्शनमध्ये औषध तेलाच्या सूक्ष्म थेंबांना धरून असते, लायपोसोममध्ये ते चरबीच्या पडद्यात विणलेले असते. दोन्ही लिपिडचीच, पण शरीरात दोघांचे वागणे सारखे असेलच असे नाही.

याचा एक पुरावा बिहारमधून मिळतो. काळ्या आजारावर, म्हणजे कालाझारवर, अँफोटेरिसिनचा एकच डोस देऊन पाहण्याची मोठी चाचणी प्रा. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी केली, 2014 मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला लायपोसोम, दुसऱ्याला मुंबईच्या भारत सीरम्सचे लिपिड इमल्शन. डोस तोच, किलोमागे 15 मिलिग्रॅम. सहा महिन्यांनी लायपोसोमच्या गटात सुमारे 98 टक्के बरे, इमल्शनच्या गटात सुमारे 86 टक्के. आजार वेगळा होता, कुपी वर्ध्याची नव्हती, आणि म्युकरमध्ये औषध रोज दिले जाते, एकदाच नाही. म्हणून या आकड्यांवरून वर्ध्याच्या इंजेक्शनबद्दल निकाल देता येत नाही, तो मी देतही नाही. मात्र ‘अँफोटेरिसिन म्हणजे अँफोटेरिसिन, स्वस्त ते घ्या’ हे वाक्य शास्त्राला धरून नाही, एवढे यातून पक्के होते.

याहून साधे उदाहरणही आहे, आणि त्यात नॅनो वगैरे काहीच नाही. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात फिट्सच्या काही रुग्णांना अचानक चक्कर, तोल जाणे, दुहेरी दिसणे असा त्रास सुरू झाला. फेनिटोइन या त्यांच्या औषधाचा डोस बदललेला नव्हता. कंपनीने कॅप्सूलमधले भरणीचे द्रव्य मात्र बदलले होते. कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेट औषधाला काही प्रमाणात अडवून ठेवत होते, लॅक्टोजने ते मोकळे सोडले, आणि त्याच डोसात ते विषारी पातळीला पोचले. नुसती भरण बदलली होती.

आपल्या परंपरेत हे ज्ञान अगदी परके नव्हते. वैद्याने पुडी दिली की घरातली म्हातारी पहिला प्रश्न विचारायची, ‘कशातून घ्यायची?’ मधातून, तुपातून, कोमट दुधातून. अनुपान चुकले तर औषध वाया गेले, असे मानणारी ही माणसे होती. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थासोबत जरा बरा शोषला जातो, हे आज प्रयोगशाळा सांगते. पण याच हळदीने आज एक नवा घोटाळाही घातला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, कर्क्युमिनचे प्रमाण चांगले म्हणून तिचा लौकिक आहे. तिच्याच भावंडांच्या नावाने ‘नॅनो कर्क्युमिन’ची पाकिटे पूरक आहार म्हणून विकली जातात, कण केवढा, शरीरात किती शोषला जातो, कशावरून, याचा पुरावा न देता. नॅनो हा शब्द पाकिटावर छापला की भाव चढतो. वाहकाला औषध माना असे मी म्हणतो, त्यात हेही आले: ज्याला औषधासारखी प्रतिष्ठा हवी, त्याने औषधासारखा पुरावा द्यावा.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. आपला देश गरीब, लायपोसोमसारखी वाहने श्रीमंतांची. जुने डिऑक्सिकोलेटचे इंजेक्शन काहीशे रुपयांत मिळते, तेच सांभाळून वापरावे. सांभाळून वापरणे म्हणजे रोज रक्ततपासणी, पोटॅशियमवर डोळा, भरपूर सलाईन आणि मूत्रपिंड बसले की डायलिसिस. हा खर्च कुपीच्या भावात दिसत नाही, तो पुढच्या वर्षभरात घराच्या वहीत दिसतो. उलट कालाझारच्या कार्यक्रमात भारताने 2014 मध्ये लायपोसोमचा एकच डोस पहिल्या पसंतीचा ठरवला, आणि ते औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देणगी म्हणून येत राहिले. ज्यांना मिळाले ते बिहारमधले भूमिहीन मजूर, मुसहर. महागडे वाहन त्यांच्यासाठीच निवडले गेले, कारण त्यांना वीस-तीस दिवस रुग्णालयात पडून राहणे परवडत नव्हते. मजुरी बुडत होती. गरिबाला स्वस्त कुपी द्यावी की लवकर बरे करून घरी पाठवावे, हा प्रश्न तिथे नीट विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळाले.

दुसरा आक्षेप असा की हे तंत्र आपल्याला जमत नाही. हा मात्र साफ खोटा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्लीतल्या बिमल कुमार बच्छावत यांच्या गटाबरोबर भारतीय लायपोसोमल अँफोटेरिसिनवर वर्षानुवर्षे काम केले. प्रयोगशाळेतल्या कणापासून रुग्णावरच्या चाचण्यांपर्यंत. त्यातून फंगिसोम हे औषध बाजारात आले. देण्यापूर्वी ते पाऊण तास सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या पाण्यात, ठेवावे लागे. ही गैरसोय होती, पण औषध आपले होते आणि त्यामागे आपल्या रुग्णांवरचा अभ्यास होता. क्षीरसागर पुढे नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. 2012 मध्ये अमेरिकेत कर्करोगावरच्या लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनाने मुंबईच्या सन फार्माचे लिपोडॉक्स आयात करू दिले. आणि डिसेंबर 2021 मध्ये, नागपुरात लोक अँफोटेरिसिनसाठी वणवण करत होते त्याच वर्षाच्या शेवटी, त्याच सन फार्माच्या लायपोसोमल अँफोटेरिसिनला अमेरिकेने पहिले जेनेरिक म्हणून मान्यता दिली. लिपिडची घडण, कणांचा आकार, औषध किती गळते, शरीरातले वागणे, सगळ्या कसोट्या लावून.

म्हणजे हात आहेत. पण ते थोड्यांकडे आहेत, आणि कच्चा माल त्याहून थोड्यांकडे. मे 2021 मध्ये लायपोसोम बनवणाऱ्यांना अडले होते ते अत्यंत शुद्ध लिपिडपाशी. मुंबईच्या व्हीएव्ही लाइफ सायन्सेससारखी एखादी कंपनी ते इथे बनवते, बाकी बरेचसे बाहेरून येते. सोयाबीन मात्र आपल्या दारात पिकते. विदर्भातला शेतकरी दरवर्षी भावासाठी रडतो ते हेच पीक. तेल काढताना त्यातून लेसिथिन निघते, आणि लेसिथिनमधूनच शुद्ध करत करत फॉस्फॅटिडिलकोलीन मिळवतात.

अमरावती रस्त्यावर दोन संस्था आहेत. एक लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली, आता स्वतंत्र विद्यापीठ झालेली. तिथे तेल तंत्रज्ञान शिकवले जाते. तेलात हायड्रोजन भरणे, त्याचे गाळप, शुद्धीकरण, हे त्या विभागाचे रोजचे काम. दुसरा नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग. तिथे डॉ. ए. के. डोर्ले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी राळेवर, म्हणजे चिडाच्या डिंकापासून मिळणाऱ्या रोझिनवर, काम केले. गोळीवरचा पातळ थर म्हणून ती कशी वागते, शरीरात कशी विरघळून जाते, यावरचे त्यांचे निबंध 2002-03 च्या सुमारास बाहेरच्या मान्यवर नियतकालिकांत आले. एक स्वस्त, नैसर्गिक सहायक द्रव्य निवडून ते मुळापासून ओळखून घ्यायचे, ही ती पद्धत. मला ती आजच्या बहुतेक नॅनो-प्रबंधांपेक्षा मोलाची वाटते.

कारण आज विदर्भातल्या औषधनिर्माण महाविद्यालयांत नॅनोकणांवरच्या प्रबंधांना तोटा नाही. एखादे न विरघळणारे औषध घ्यायचे, त्याचे घन लिपिड कण किंवा नॅनोइमल्शन करायचे, कणांचा आकार मोजायचा, कणांवरचा विद्युतभार दाखवणारे झीटा पोटेन्शियल मोजायचे, उंदरांवर एकदा पाहायचे, की पदवी झाली. तो कण दोन वर्षे बाटलीत टिकेल का, दहा मिलीऐवजी शंभर लिटरमध्ये तसाच बनेल का, निर्जंतुक करताना फुटेल का, लिपिड कुठून आणि कितीला मिळेल, हे प्रश्न प्रबंधाच्या शेवटच्या पानावर ‘पुढील संशोधनास वाव’ म्हणून सोडून दिले जातात. पुढील संशोधन कुणी करत नाही. माझ्या मते पुढची दहा वर्षे नवा वाहक शोधण्याची हौस आवरून सिद्ध झालेला एक वाहक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बनवून दाखवावा. सोयाबीनपासून इंजेक्शनच्या दर्जाचे फॉस्फोलिपिड, याच रस्त्यावर, दोन्ही संस्थांनी मिळून. त्यासाठी नवा सिद्धांत लागत नाही, चिकाटी लागते.

सगळ्याच गोष्टींना नॅनोची गरजही नसते. सिकलसेलचा मोठा भार पूर्व विदर्भावर आहे. त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया पाण्यात सहज विरघळते, विद्राव्यतेचा प्रश्नच नाही. तरी दहा किलोच्या मुलाला 150 ते 200 मिलिग्रॅम द्यायचे असतात आणि सर्रास मिळणारी कॅप्सूल 500 ची. आई ती उघडून पाण्यात कालवून अंदाजाने भाग करते. मुलांसाठी मोजून देता येईल असे औषध बनवायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने उद्योगांना बोलावले होते, हे योग्यच झाले. गोड, टिकाऊ, मोजता येण्याजोगा द्राव बनवणे हे सहायक द्रव्यांचेच काम. आणि परासियानंतर या द्रावात काय घातले आहे हे आईला कळलेच पाहिजे.

लेबलवर सगळी सहायक द्रव्ये लिहिली तर लोक घाबरतील, स्पर्धक नक्कल करतील, असे कंपन्या म्हणतात. बिस्किटाच्या पुड्यावर पाम तेलापासून इमल्सिफायरपर्यंत सगळे छापलेले असते. त्याने लोक घाबरले नाहीत, कारखानेही बंद पडले नाहीत. उपवासाचा चिवडा आपण उलटून वाचतो, आणि तापाचे औषध न वाचता तोंडात घालतो. अर्थात लेबलने परासिया टळले नसते. विष घालणारा ते लेबलवर लिहीत नाही. ते टळले असते ते प्रत्येक पिंपाच्या तपासणीने. विद्रावकाचे पिंप कारखान्यात शिरतानाच त्यात डायएथिलिन ग्लायकॉल आहे की नाही हे पाहणे अवघड नाही. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने प्राथमिक चाचणी होते, शंका आली तर गॅस क्रोमॅटोग्राफी. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांच्या दर्जाचे नियम, पाळण्याची मुदत लहान कारखान्यांसाठी वाढवता वाढवता 2025 अखेरपर्यंत नेली गेली. त्या मुदतीच्या आतच ही मुले गेली.

आणि खरेदी. आपल्या सरकारी रुग्णालयांसाठीची औषधे आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण घेते. निविदेत औषधाचे नाव, ताकद आणि नग लिहिले जातात, आणि सर्वांत कमी भाव जिंकतो. लायपोसोमसारख्या औषधात ही पद्धत धोक्याची आहे. 2019 मध्ये केंद्र सरकारने नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, पण खरेदीच्या टेबलावर त्यांचा ठसा उमटायला हवा. अँफोटेरिसिन मागवताना वाहक कोणता ते स्पष्ट लिहावे. कणांच्या आकाराचा आणि औषध गळण्याचा बॅचवार अहवाल मागावा. रुग्णांवर पाहिले असेल तर तो अभ्यास मागावा. मुलांच्या सिरपसाठी विद्रावकाच्या प्रत्येक पिंपाचा ग्लायकॉल चाचणीचा दाखला मागावा, जसा निर्यातीच्या बाटलीला लागतो तसाच. यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही. पुढच्या निविदेत चार अटी वाढवाव्या लागतात.